एकशे त्रेचाळीसाव्या पानावरचे ठिपके

ताईंच्या पोटात दुखत होतं, आणि औषधाच्या दुकानात त्यावर काही मिळण्यासारखं नव्हतं.

"शुक्रवारपर्यंत अभिप्राय द्या," हस्तलिखिताचा गठ्ठा टेबलावर ठेवत विभागप्रमुख म्हणाले होते. "तुमचीच विद्यार्थिनी. तुम्ही हो म्हटलंत की छापायला पाठवतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर नाही. ही भाषा कळणारं इथे दुसरं आहे कोण? मला तर तिच्यात पाणीसुद्धा मागता येत नाही."

ही भाषा मध्य आशियातल्या उंच डोंगरांतल्या एका खोऱ्याची. बोलणारी माणसं उरली होती दोन वर्गखोल्या भरतील एवढी. त्यांतली एक आजी मुलासोबत याच शहरात येऊन राहिली होती, तिसऱ्या मजल्यावर, एका शिंप्याच्या कारखान्याच्या बरोब्बर वर. ताईंनी अकरा वर्षं दर बुधवारी तो जिना चढला. मग गुडघ्यांनी हात टेकले, म्हणून त्यांनी आपल्या लाडक्या विद्यार्थिनीला धाडलं. विभागात सगळे तिला धाकटी म्हणत.

धाकटीला तिथे जायला लागून जेमतेम तीन वर्षं झाली होती आणि पुस्तक तयार. ताईंचा शब्दकोश अजून बुटांच्या खोक्यांत, चिठ्ठ्यांवर.

आणि पुस्तक तरी कसं! त्यात आजी सासूची नक्कल करत होती. बर्फात हरवलेल्या दिराला ऐन रंगात येऊन शिव्या देत होती. मेलेल्या मुलीचं अंगाईगीत म्हणत होती. धाकटीने कंसात लिहिलं होतं: 'हसते', 'पुन्हा हसते', 'हसू आवरत नाही'. ताईंच्या अकरा वर्षांच्या फितींवर आजी एकदाही हसली नव्हती. तिथे होतं, डोकं. दगड. मी दगड उचलला. तू दगड उचललास. आम्ही सर्वांनी दगड उचलले.

"म्हातारीने मला दगड दिले आणि हिला अंगाई," ताई खोक्यांना म्हणाल्या.

त्यांनी लाल पेन्सिल काढली आणि चुका शोधायला बसल्या. धाकटी नेटकी निघाली, त्यानं तर आणखीच जळफळाट झाला. अखेर एकशे त्रेचाळीसाव्या पानावर घबाड सापडलं. चार ओळी नुसते ठिपके, आणि खाली टीप: 'शिलाई यंत्राच्या आवाजामुळे ऐकू येत नाही.'

"ऐकू येत नाही म्हणे!" ताईंना उकळ्या फुटल्या. अपुरं लेखन, परत पाठवा. वाक्यसुद्धा मनात जुळून आलं. पण न ऐकता लिहायचं म्हणजे अगदीच चोरीचा मामला. त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं आणि कानांवर हेडफोन चढवले.

यंत्र खडखडत होतं. अकरा वर्षं ताईंनी त्या खडखडाटातूनच आजीला ऐकलं होतं. त्यांच्या कानांना तो पंख्याच्या घरघरीसारखा. आजीचा शब्द न् शब्द स्वच्छ आला.

"हे सगळं मी बटणवालीला कधीच सांगून झालंय गं. ती दगड-दगड विचारायची, मग बटण दाबून रेकॉर्डर बंद करायची, चपला काढून पाय पोटाशी घ्यायची, आणि म्हणायची, आता बोल. अंगाई ऐकून रडलीसुद्धा होती. तिचे गुडघे कसे आहेत? ती येतच नाही."

ताईंनी ते तीनदा ऐकलं.

त्यांना शिकवणाऱ्या सरांचा दंडक होता, काम संपलं की रेकॉर्डर बंद. गप्पा म्हणजे काम नव्हे. फीत वाया घालवायची नाही. ताईंनी तो इमानेइतबारे पाळला होता. सासूची नक्कल त्यांनी पाहिली होती. इतकं हसल्या होत्या, की खालून शिंप्याने काठी ठोकली होती. ते सगळं त्या चक्क विसरल्या होत्या, कारण ते कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

मत्सर गेला नाही. फक्त कुठे बसावं हे त्याला कळेना.

ठिपके तसेच ठेवले असते तर कुणाला काही समजलं नसतं. 'बटणवाली' एवढाच शब्द गाळता आला असता. पेन्सिल त्या जागी बराच वेळ थबकली. मग ताईंनी चारही ओळी लिहून काढल्या, बटणवालीसकट, आणि शेवटी लिहिलं: छापावे.

दुसऱ्या दिवशी धाकटी धापा टाकत खोलीत आली. "ताई, तुम्हाला हे ऐकू आलं? मी कान फुटेस्तोवर ऐकलं होतं! पण बटणवाली कोण?"

"होती एक शहाणी."

धाकटीने ताईंकडे पाहिलं, मग टेबलाखालच्या चपलांकडे. खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन बसलेल्या बाईकडे पाहून तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बुधवारी जाणार आहेस ना?" ताईंनी विचारलं. "मला हात दे जिन्यात. प्रत्येक मजल्यावर थांबायचं."

"आणि रेकॉर्डर?"

"तू घे. चालूच ठेव, अगदी दार उघडल्यापासून." ताई चपलांत पाय घालायला लागल्या. "पण तिच्या शेजारी मी बसणार. सांगून ठेवते."