मगरीबनंतरचं दार

तीनशे बारा पानांची कादंबरी चाळीस मिनिटांच्या गाण्यांत बसवायची आणि ती दहा-बारा वर्षांच्या मुलांकडून गाऊन घ्यायची, हे काम शाळेतल्या शिक्षिका जोहरियाने आपणहून अंगावर ओढून घेतलं होतं. जिल्ह्याच्या कार्यालयाने यंदा प्रत्येक प्राथमिक शाळेला एखाद्या जुन्या गाजलेल्या कादंबरीचं संगीत नाटक करायला सांगितलं होतं. इतर शाळांनी खजिन्याच्या शोधाची पुस्तकं उचलली. जोहरियाने रांतीची गोष्ट घेतली. विणकराची मुलगी रांती, तेराव्या वर्षी घोड्यांच्या व्यापाऱ्याला दिली जाते आणि शेवटच्या पानावर भरतीच्या समुद्रात चालत निघून जाते. इंडोनेशियातल्या दक्षिण लोंबोकच्या वस्त्यांमध्ये ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

गुरुवारी दुपारी शाळेच्या पटांगणावर सराव चालला होता. शनिवारी प्रयोग. चौथीतला युडा घोड्याचे पुढचे पाय झाला होता आणि तो रुसून बसला होता. घोडा अख्ख्या पुस्तकात आहे, मग घोड्याला गाणं का नाही, असा त्याचा सवाल. जोहरियाने तिथल्या तिथे दोन ओळी रचून दिल्या, तेव्हा मागचे पायही गाणं मागू लागले.

रांतीचं काम सहावीतल्या सहनीमकडे होतं. बारा वर्षांची, पुढचा दात अर्धा तुटलेला, आवाज मात्र असा की शेजारच्या भातखाचरातली माणसं खुरपं थांबवून ऐकत. बाप मलेशियात पामच्या मळ्यावर. आई वस्तीत इनाक सहनीम म्हणून ओळखली जाई, म्हणजे सहनीमची आई. तिचं स्वतःचं नाव कुणी घेत नसे.

शेवटचं गाणं काही केल्या बसेना. ते लग्नाचं होतं. खरं तर कादंबरीत लग्नानंतर तीन प्रकरणं आहेत आणि त्यांतच सगळं आहे. पण मुख्याध्यापक पाक फौझान यांनी हस्तलिखित परत करताना ती प्रकरणं काढायला लावली होती. लहान लेकरांना मरण दाखवायचं नाही, बाई. लग्नावर संपवा, ढोल वाजतील, टाळ्या पडतील, साहेब खूश होतील, असं त्यांचं म्हणणं. जोहरिया दोन दिवस भांडली आणि तिसऱ्या दिवशी गाणं लिहून मोकळी झाली. वाईट हे की सातही गाण्यांत तेच उत्तम उतरलं होतं.

शेवटच्या ओळीला सहनीमचा श्वास पुरत नव्हता. आणखी एकदा, असं म्हणत जोहरियाने ते आठ वेळा गाऊन घेतलं. नवव्या वेळी जमलं, मुलांनी ओरडून पटांगण डोक्यावर घेतलं, आणि तेव्हा कुठे जोहरियाचं अंधारत्या आकाशाकडे लक्ष गेलं. सहनीमची वस्ती दोन किलोमीटर दूर, वाट तंबाखूच्या शेतातून, कुत्री मोकाट. मोठा ढोल वाजवायला माध्यमिक शाळेतला रिझाल येत असे. चौदा वर्षांचा मुलगा, पण मोटरसायकल चालवायचा. इथे सगळेच चालवतात. जोहरियाने त्याला सांगितलं, हिला घरी सोड आणि मग जा.

ती काही परक्या मुलखातून आलेली नव्हती. याच मातीत वाढली होती. दिवस मावळल्यावर मुलगी मुलाबरोबर दिसली की काय होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण त्या घटकेला तिच्या डोळ्यांपुढे अंधार आणि कुत्री होती. माणसं तिच्या ध्यानातच आली नाहीत.

शुक्रवारी सहनीमची जागा रिकामी होती. शेजारच्या मुलीने पेन्सिलीला टोक करता करता सांगितलं, "ती आता नाही यायची, बाई. उद्या तिचं लग्न आहे." सर्दी झाली म्हणून सांगावं, तितक्याच सहजपणे.

झालं होतं ते असं. मगरीबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान होऊन गेली होती. मोटरसायकल दारात थांबली तेव्हा सहनीमचे मोठे काका, तुआक मुनासिप, अंगणातल्या चार खांबांच्या माचावर दोघा-तिघांबरोबर कॉफी पीत बसले होते. त्यांनी पुतणीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पोराबरोबर रात्री आलीस, आता त्याच्याच घरी जा, असं म्हणून दार लावून घेतलं. रिझालच्या घरच्यांनीही रिवाज म्हणून तिला ठेवून घेतलं आणि सकाळी लग्नाचा निरोप धाडला. बारा वर्षांच्या पोरीचा उशीर वीस मिनिटांचा होता. तेवढ्यावर तिच्या आयुष्याचा निकाल लागला.

जोहरियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळा सुटताच ती त्या अंगणात जाऊन उभी राहिली. तुआकने तिला माचावर बसवलं, कॉफी मागवली. गृहस्थ उद्धट नव्हता. त्याच गोष्टीची जोहरियाला जास्त चीड आली.

"मी बसवलं तिला त्याच्या मागे," ती म्हणाली. "शिक्षा करायची तर मला करा."

"शिक्षा कोण करतंय? लग्न लावतोय आम्ही. सगळ्या वस्तीनं बघितलंय, बाई. उद्या हिला कोण करून घेणार?"

"बारा वर्षांची आहे, तुआक. कायद्याला एकोणीस लागतात."

"मग कागद एकोणिसाव्या वर्षी करू. निकाहाला काय कागद लागतो?" त्यांनी कप खाली ठेवला. "आणि तुमच्या नाटकात लग्नच आहे ना? महिनाभर पोरगी घरात तेच गाणं गुणगुणतीय. तेव्हा नाही बारा वर्षांची वाटली?"

जोहरिया माचावरून उठली. ते गाणं तिनेच लिहिलं होतं.

ती मागच्या बाजूला चुलीपाशी गेली. इनाक सहनीम पाठमोरी बसून कंगकुंगच्या भाजीची पानं निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझ्या वेळीपण दार असंच लावलं होतं," ती देठं मोडता मोडता म्हणाली. "चौदाची होते. आई दाराच्या आत उभी होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता."

"आणि काल?"

"काल मी आत होते."

जोहरियाने तिची समजूत घातली नाही. घालावीशी वाटलीच नाही. मग उघडलं का नाही, एवढंच तिने विचारलं. इनाकने हळू आवाजात सांगितलं, घर दिराचं, जमीन दिराची. नवऱ्याचा मलेशियातून फोन आला, तो म्हणाला दादा म्हणेल तसं उरकून टाका. तुम्ही जा बाई, उद्या तुमचा प्रयोग आहे.

पाक फौझान यांनी तोवर रांतीचं काम पाचवीतल्या दुसऱ्या मुलीला देऊनही टाकलं होतं. कुणाच्या घरगुती बाबीत शाळेने पडायचं नसतं, असं ते जोहरियाला म्हणाले आणि पोशाखाची कंबर टाचून ठेवायला सांगितलं.

शनिवारी सकाळी जोहरिया शाळेत गेली नाही. ती रिझालच्या घरी गेली आणि सहनीमला ठेवलं होतं त्या खोलीच्या पायरीवर बसली. आत दोन बायका पोरीच्या तोंडाला तांदळाचं पीठ लावत होत्या. सहनीम नजर जमिनीला लावून बसली होती. बाईंना बघून ती रडली नाही, तिने फक्त घाईने विचारलं, "बाई, नाटक माझ्यामुळे थांबलं का?"

रिझाल गोठ्याजवळ उकिडवा बसला होता. त्याला सोमवारी विज्ञानाची परीक्षा होती. लग्न करायचं का, असं त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं.

नऊ वाजता पाक फौझान यांचा फोन आला. साहेब आलेत, मुलं उभी आहेत, तुम्ही आहात कुठे?

"सहनीमजवळ."

"बाई, नोकरीचा विचार करा."

"लेकरांना मरण दाखवायचं नाही म्हणालात, सर. आणि हे चालतं तुम्हाला?"

फोन बंद झाला. थोड्याच वेळात शेतांवरून लाऊडस्पीकरचा आवाज येऊ लागला. एकामागून एक सहा गाणी झाली. मग तिने स्वतः लिहिलेलं लग्नाचं गाणं सुरू झालं आणि आतल्या बायकांपैकी एकीने कौतुकाने ताल धरला. जोहरियाने कानांवर हात दाबून घेतले. त्या क्षणी तिला गाव, शाळा, साहेब या सगळ्यांहून जास्त राग स्वतःचा आला.

दुपारच्या अजानीआधी इमाम आले. तुआक मुनासिप आले. चटया अंथरल्या गेल्या. बायका पायरीवरच्या मास्तरीणबाईला ओलांडून ये-जा करत होत्या. उठा म्हणून सांगूनही ती उठली नव्हती. दोन पुरुष तिला उचलायचं की काय याची कुजबुज करत होते, तेवढ्यात अंगणात इनाक सहनीम आली. दोन वस्त्या उन्हातून चालत आली होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत शाळेचा गणवेश होता.

ती थेट माणसांसमोर उभी राहिली. आवाज थरथरत होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता.

"माझी पोरगी परवा घरीच आली होती. दार मी उघडलं नाही. चूक माझी आहे, तिची नाही." मग खोलीकडे वळून म्हणाली, "ऊठ ग. तोंड धू."

तुआक उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा काळानिळा पडला होता. "हिला इथनं नेलीस तर माझ्या घरात पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवत."

कुणीतरी इमामांकडे पाहिलं. इमामांनी कॉफीचा घोट घेतला आणि कप बराच वेळ तोंडापाशीच धरून ठेवला. कुणी आडवं आलं नाही. आईने मुलीचा हात धरला, तोंडावरचं पीठ तसंच असलेली मुलगी जोहरियाला ओलांडून बाहेर आली, आणि तिघी रस्त्याला लागल्या.

त्या रात्रीपासून मायलेकी जोहरियाच्या मागच्या खोलीत राहतात. मलेशियाहून फोन येणं बंद झालं. दुकानात इनाकशी बायका बोलत नाहीत. शाळेच्या नाटकाला जिल्ह्यात दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी लग्नाच्या गाण्याची खास वाखाणणी केली. जोहरियाला खुलाशाची नोटीस मिळाली. सहनीम शाळेत जाते, मात्र गात नाही. त्याच महिन्यात पलीकडच्या वस्तीतली पाचवीतली एक मुलगी उशिरा घरी आली. तिचं लग्न झालं.

ते कळलं त्या दिवसापासून जोहरिया आणि इनाक सहनीम रोज संध्याकाळी एकेका घरी जातात. भाषण करत नाहीत, कायदा सांगत नाहीत. अंगणातल्या माचावर बसतात आणि घरातल्या कर्त्या माणसांना एकच गोष्ट विचारतात: तुमची मुलगी दिवस मावळल्यावर दारात आली, तर तुम्ही दार उघडाल का? लोक विषय बदलतात, कॉफी देतात, पावसाचं बोलतात. दोघी ऐकून घेतात, कॉफी पितात, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठत नाहीत.