खालची ओळ

बंगळूरहून आलेल्या ईश्वरीला मराठी कळत नव्हतं, हिंदीही जेमतेमच. त्यात पंढरीकाका बोलणार मालवणी. म्हणून दुभाषी म्हणून मीनाला मध्ये घेतलं. एरवी या भानगडीशी आपला संबंध यायचं काही कारण नव्हतं, असं मीना पुढे बरेच दिवस स्वतःची समजूत घालत राहिली. ते खरं नव्हतं. संबंध होता आणि चांगला जवळचा होता.

पंच्याण्णव साल असेल. नाटकांत आणि लोककलांत बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांवर ईश्वरी एक डॉक्युमेंटरी करत होती. देशभर हिंडून ती कुडाळला दशावतार बघायला गेली, तेव्हा तिथे सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, पंढरी. एके काळी पंढरी द्रौपदी होऊन उभा राहिला की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. तो आता म्हातारा होऊन तुर्भ्याला भाच्याकडे राहत होता. भाच्याच्या खोलीपुढून दिवसभर ट्रक जायचे, आवाज धड मिळेना, म्हणून शूटिंग मीनाच्या नेरूळच्या फ्लॅटमध्ये ठरलं.

पंढरीच्या दशावतारी कंपनीतच राजाचं काम करायचे शिवाकाका, मीनाच्या वडिलांचे थोरले भाऊ. शिवाकाकांनी लग्न केलं नाही. भावाची मुलं शिकवली. मीना इंग्रजी घेऊन बी.ए. झाली आणि बेलापूरच्या सरकारी ऑफिसात चिकटली ती त्यांच्याच जिवावर. भावाच्या पोरांपायी शिवा लग्नावाचून राहिला, असं घरात सगळे म्हणायचे. ते गेल्यावर मीनाने त्यांचा फोटो हॉलमध्ये लावला होता. कॅमेरावाल्याने काच चमकते म्हणून तो उतरवून आतल्या खोलीत ठेवला.

पंढरीकाकांनी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि मीनाच्याच आरशापुढे तोंडाला रंग लावला. काजळ घालायला वेळ लागला, पण नऊवारीच्या निऱ्या बोटांनी न बघता घातल्या. अंबाडा बसवला, मान किंचित तिरकी केली, आणि सोफ्यावर खरोखरच एक बाई बसली. ईश्वरी बघतच राहिली. त्यांनी एक पद म्हटलं. मग तिने विचारलं, इतकी वर्षं बाई होऊन जगलात, त्याने तुमच्या आयुष्यात काय बदललं?

मीनाने प्रश्न मालवणीत सांगितला. काकांनी मांडीवरचा पदर सारखा केला.

"मीना गो, ह्यां नीट सांग तिका," ते म्हणाले. "रातभर मी शिवाची रानी. सकाळी तेल लावलंय काय रंग निघायचो. तां काय निघाक नाय. शिवाक मी माजो नवरो मानलंय. आजून मानतंय. तेनाय माका तसाच वागवल्यान. ह्यां मी कोणाक बोलाक नाय कधी."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालावरच्या रंगात ओघळ पडले.

 खरं तर मीनाला फार धक्का बसला नव्हता. लहानपणी चतुर्थीला पंढरीकाका घरी राहायला आले की शिवाकाका त्यांच्या चहात स्वतः साखर घालून ढवळून द्यायचे, ते तिने पाहिलं होतं. पण आता कॅमेरा चालू होता. शिवाकाकांचं नाव आता गावोगावच्या पडद्यांवर जाणार होतं. नात्यातली माणसं काय म्हणतील, आई काय म्हणेल, हे सगळं तिच्या डोक्यात एकदम उभं राहिलं. ईश्वरी तिच्या तोंडाकडे बघत होती.

"ते म्हणतात, दोघांचं फार जमायचं," मीनाने इंग्रजीत सांगितलं. "शिवा मला भावासारखा होता. त्याची आठवण येते."

ईश्वरीने मान हलवली आणि रंग कशाचा बनवायचात, हे विचारायला घेतलं.

फिल्म पुरी होऊन दोन-चार ठिकाणी दाखवून झाल्यावर तिने व्हीएचएस कॅसेट पाठवली. रविवारी पंढरीकाका तुर्भ्याहून आले, सोबत पेढ्यांचा पुडा. मीनाचा नवरा नंदकुमार याने कॅसेट लावली. काकांचा भाग आला. काजळ, निऱ्या, पद. आणि मग मीनाने पाहिलं, ईश्वरीने ते बोलणं कापलं नव्हतं. काकांचा ओला चेहरा टीव्हीभर होता आणि त्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता: शिवाक मी माजो नवरो मानलंय. खाली इंग्रजीत पांढरी अक्षरं उमटली होती, तो मला भावासारखा होता.

नंदकुमार देशावरचा, पण इतकं मालवणी त्याला कळत होतं. त्याने ओळ वाचली, मीनाकडे पाहिलं आणि नजर पुन्हा टीव्हीकडे वळवली.

काकांना इंग्रजी येत नव्हतं. ते खुर्चीतून पुढे झुकले होते.

"सगळा ठेवल्यानी गो!" ते म्हणाले. "खाली तांच लिवल्यानी मां?"

"हो," मीना म्हणाली.

"लोक हसले काय?"

"नाय काका. रडले."

त्यांनी पेढा आधी मीनाच्या हातावर ठेवला. तो तिने तसाच मुठीत धरून ठेवला. पहिल्या खोट्याला निदान घाबरल्याची सबब होती. या दुसऱ्याला कसलीच नव्हती.

त्यानंतर ऑफिसात तिचं लक्ष लागेना. नंदकुमार विषय काढत नव्हता, तेही तिला बोचत होतं. शेवटी तिने एसटीडी बूथवरून बंगळूरला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. 

"किती जणांना मी हाच प्रश्न विचारला, माहितीये?" ईश्वरी म्हणाली. "कॅमेऱ्यासमोर कुणी तोंड उघडलं नाही. एक माणूस बोलला, आणि त्याच्याखाली मी हे लिहिलं." पुढच्या प्रतींत ओळ बदलेन, दाखवून झालं ते झालं, एवढं बोलून तिने फोन ठेवला.

काकांना न सांगताही चाललं असतं. पण पुढच्या रविवारी मीना तुर्भ्याला गेली. काका बाजेवर बसून तांदूळ निवडत होते. तिने त्यांच्यासमोर बसून सांगितलं, मान वर न करता. मग थांबली.

"मगे काय सांगलंस तिका?"

"भावासारखो."

काका तांदूळ निवडत राहिले.

"शिवा पन तांच सांगायचो," ते म्हणाले. "कोणी इचारल्यार, पंढरी माजो भाव. माज्या समोर. तेका गावात ऱ्हवचा होता, तुमची शिक्षणा करूची होती. तो भियायचो. तू कोणाक भियालंस गो?"

 आई, नातेवाईक, सोसायटी, सगळी नावं जिभेवर आली आणि बोलण्याच्या लायकीची एकही वाटली नाही. "चुकलंय काका," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते तिला कळलं नाही. भाच्याच्या बायकोने चहा आणला. तो दोघांनी घेतला.

ईश्वरीने शब्द पाळला. काही महिन्यांनी नवी कॅसेट आली. मीनाने कळवलं तेव्हा काका म्हणाले, माका आता बगूक नको, तू बग. तिने एकटीने पाहिली. ओळ बरोबर होती.

त्यानंतरही ती तुर्भ्याला जात राहिली. काका नीट बोलायचे, नंदकुमारची चौकशी करायचे, गुडघ्यांची तक्रार सांगायचे. शिवाकाकांचं नाव मात्र त्यांनी तिच्यासमोर पुन्हा काढलं नाही. ज्या माणसाने तिला वाढवलं त्याच्याबद्दल तिला आता खूप काही विचारायचं होतं: ते हसायचे कशावर, रुसायचे का, दोघं भांडायचे तेव्हा आधी कोण बोलायचं. सांगू शकेल असा जगात एकच माणूस उरला होता. तो समोर बसून चहा पीत असायचा, आणि विचारायला तिची जीभ उचलायची नाही.