भिंगरीच्या वाढदिवसाची अक्षरं

भिंगरीची आई औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं संगणकावर लावायची. गोळीचं नाव, ती कुणी घ्यायची, कुणी घ्यायची नाही, आणि तळाशी मुंगीएवढ्या टायपात सगळे धोके. त्या अक्षरांनी हसायचं नसतं, वाकडं उभं राहायचं नसतं. त्यामुळे लेकीचा पाचवा वाढदिवस जवळ आला तेव्हा तिला नुसतं उधाण आलं. दारावर लावायच्या फलकासाठी तिने इतके फॉन्ट उतरवून घेतले, की नवरा म्हणाला, "अगं, फलक एकच आहे ना? का बसथांब्यांवरही लावायचेत?" तो शहरातली बस चालवायचा, त्याला सगळीकडे थांबेच दिसायचे.

शनिवारी दुपारी तिने सगळे नमुने छापून आणले आणि बाहेरच्या खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर ओळीने चिकटवले. मजकूर एकच, 'भिंगरी पाच वर्षांची'. पण एका कागदावर वेलांटी म्हणजे हत्तीची सोंड होती, दुसऱ्यावर काना म्हणजे जिराफाची मान. एकावर अनुस्वाराच्या जागी फुगा उडत होता, तर एकावरची अक्षरं आत कापूस कोंबल्यासारखी टम्म होती.

वरच्या मजल्यावर राहणारी आत्या, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण, फुग्यांची पाकिटं घेऊन आली आणि कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिली.

"ही अक्षरं पिऊन आलीत का गं? एक धड सरळ उभं नाही."

"ताई, लहान मुलांचा वाढदिवस आहे."

"म्हणून काय शिरोरेषाच पळवायची? ते शेवटचं बघ. डोक्यावर छप्पर नाही बिचाऱ्यांच्या."

न्यायाधीश भिंगरी होती. ती समोरच्या सोफ्याच्या हातावर घोड्यावर बसावं तशी बसली होती. चिकटपट्टी संपून उरलेलं पुठ्ठ्याचं कडं तिने उजव्या डोळ्याला लावलं होतं आणि डावा घट्ट मिटला होता.

"मी जहाजाची कॅप्टन आहे. मला जिराफ दिसतोय! जिराफवालं पाहिजे. नाही, थांब, फुगावालं!"

"कॅप्टनसाहेब," आत्या म्हणाली, "एका डोळ्याने न्याय करू नका. आता दुसऱ्याने बघा आणि एकदाच काय ते सांगा."

भिंगरीने कडं डाव्या डोळ्याला लावलं, उजव्यावर तळहात दाबून धरला आणि मान इकडेतिकडे वळवली.

"सांग की."

"आत्या, कागद कुणी काढले?"

आत्या खो खो हसली. भिंगरी थापा मारण्यात पटाईत होती. आदल्याच दिवशी तिने आपला मोजा शेजारच्या मांजरीने पळवल्याचं गळ्याची शपथ घेऊन सांगितलं होतं आणि तो फ्रिजमध्ये सापडला होता.

"मांजरीने नेले असतील," आई कागद कापता कापता म्हणाली.

"नाही गं. भिंतीवर धूर आहे."

थाप मारताना भिंगरीचा आवाज चढायचा. हे ती अगदी सहज बोलली होती. आईने कात्री खाली ठेवली. ती लेकीसमोर जाऊन उभी राहिली आणि हात वर करून तिने बोटं पसरली.

"तो हात काढू नकोस हं. सांग, बोटं किती?"

"बोटं नाहीत. नुसता हात आहे."

"भिंगरी, खरं सांग. आई रागावणार नाही."

"खरंच सांगतेय!" भिंगरीने कडं काढलं, आणि आईलाच काही कळत नाही अशा सुरात म्हणाली, "हा बघायचा डोळा नाहीये. बघायचा हा. आई, तुझा बघायचा डोळा कुठला?"

आई सोफ्याचा हात धरून खाली बसली. भिंगरी मान वळवून वाट बघत होती, आवडता रंग विचारल्यासारखी.

"आणि आत्या, तुझा?"



संध्याकाळी नवरा कामावरून आला. त्याला स्वयंपाकघरात ओढत नेऊन तिने दबक्या आवाजात सगळं सांगितलं.

"काहीतरीच काय! जमिनीवर पडलेली सुई सापडते तिला."

"दुसऱ्या डोळ्याने सापडते."

त्याला पटेना. तो बाहेर आला, भिंगरीला मांडीवर घेतलं, तिच्या उजव्या डोळ्यावर रुमाल धरला आणि खिशातली किल्ली काढून हातभर अंतरावर हलवली. "हे काय आहे, सांग बघू?" भिंगरीने हात पुढे केला. तो किल्लीच्या बाजूने निघून गेला आणि बापाच्या गालाला लागला. "चमचा?" तिने विचारलं.

त्याने रुमाल काढला आणि किल्ली परत खिशात टाकली.

"माझे डोळे दरवर्षी तपासतात," तो नंतर बायकोला म्हणाला. "एक झाका, वाचा. दुसरा झाका, वाचा. दरवर्षी. आणि माझ्या घरात..." अमुक आकाराचं अक्षर माणसाला वाचता येईल की नाही, हेच बघण्याचा तर तिला पगार मिळत होता.

सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला उंच खुर्चीत बसवलं, डोळ्यांत थेंब घातले, यंत्रातून बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "डाव्या डोळ्याचा नंबर खूप मोठा आहे. जन्मापासून असावा. त्याने पाठवलेलं चित्र इतकं पुसट, की मेंदूने ते घेणंच सोडून दिलंय. सगळं काम उजव्यावर."

"पण ती धावते, चित्रं रंगवते," आई म्हणाली. "तिरळेपणासुद्धा नाही. काहीच कसं कळलं नाही आम्हाला?"

"डोळा सरळ असला की घरात कळत नाही. तिलाही कळत नाही, कारण दोन्ही डोळ्यांनी बघणं कसं असतं ते तिला माहीतच नाही. चष्मा देऊ. रोज काही तास चांगला डोळा पट्टीने झाकायचा, म्हणजे आळशाला काम करावं लागेल. वय लहान आहे, फरक पडायला हवा. किती, ते आज नाही सांगता येणार."

पट्टीचा पहिला दिवस आईच्या जन्मभर लक्षात राहणार होता. चष्मा आणि पट्टी लावलेली भिंगरी खोलीच्या मध्यावर उभी राहून "आई, आई" अशा हाका मारत होती, आणि आई तिच्या समोर उभी होती. दुधाचा पेला लवंडला. दाराची चौकट खांद्याला लागली. शेवटी ती जमिनीवर बसली आणि हुंदके देत म्हणाली, "मी काय केलं? मला कशाची शिक्षा आहे?"

आईने तिला पोटाशी धरलं. आपण बरोबर करतोय हे तिला माहीत होतं, तरी हात पट्टीकडे जात होता. आत्याने तो मागे ओढला. "पट्टी काढू नकोस," ती म्हणाली, "तू ढिली पडलीस तर मीच काढून टाकेन."

वाढदिवस रद्द करावा असं बापाचं मत पडलं. आत्याने त्याला उभा आडवा घेतला. "पोरगी पाच वर्षांची होणार नाही का? ते थांबवणार आहेस?"

मग फलकाचं पुन्हा निघालं. या वेळी आईने नमुने खाली जमिनीवर पसरले आणि पट्टीच्या वेळात भिंगरीला त्यांवर रांगू दिलं. नाक कागदाला टेकवत ती एकेकावरून पुढे सरकली. सोंडा आणि माना तिला ओळखू येईनात, नुसता गुंता दिसत होता. टम्म फुगलेल्या अक्षरांवर मात्र ती थांबली आणि बोटाने गिरवत म्हणाली, "ही मऊ आहेत. ही घे." आईने ती पिवळ्यावर काळी केली आणि फलक दाराएवढा छापून घेतला. पाहुणे म्हणाले, एवढा मोठा कशाला?

केक कापून झाल्यावर आत्याने पाहुण्या पोरांना भिंतीशी ओळीने उभं केलं आणि एकेक डोळा झाकायला लावून लांबून बोटं किती ते विचारलं. पोरांना खेळ वाटला. त्यांच्या आया आधी हसल्या, मग कारण समजल्यावर आपापल्या पोराच्या उत्तराकडे कान लावून उभ्या राहिल्या. सगळ्यांना सगळी बोटं दिसली. भिंगरीच्या आईने तेव्हा कुठे श्वास सोडला.

पट्टीवरची भांडणं हळूहळू कमी झाली, संपली नाहीत. थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी बाप गणवेश चढवून दारात बूट घालत होता आणि पट्टी लावलेली भिंगरी पलीकडे खुर्चीत पाय हलवत बसली होती.

"बाबा, तुझं बटण तुटलंय."

त्याने खाली बघितलं. पोटावरचं बटण अर्धं उडालं होतं. मान वर करून त्याने पट्टी नीट बघितली. उजव्या डोळ्यावर होती, कडा घट्ट चिकटलेल्या.

"काय म्हणालीस?" तो हळूच म्हणाला.

"बटण. अर्धंच आहे."

एक बूट पायात, एक हातात, तसाच तो उंबऱ्यावर बसला. बायको सुईदोरा घेऊन धावत आली, तर तिला हाताने थांबवत म्हणाला, "राहू दे. असंच राहू दे आज." आणि तसाच कामावर गेला.