रेषेपुढे पडलेला डावा बूट

मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. मित्रांनो, माझा उजवा जोडीदार निर्दोष आहे. रेषेपुढे पडलो तो मी.

सियालकोटच्या नियामत चाचांनी मला हाताने शिवले. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जोरात आपटतो आणि अंगठा ठेचतो, म्हणून त्यांनी माझ्या टोकाला भोक ठेवले. त्यांच्याच गल्लीतला तरुण गोलंदाज तौकीर मला घालून धावला आणि त्याने चाचांना मिठीच मारली. पुढे तो पाकिस्तानकडून खेळला. आम्ही मैदाने गाजवली. टीव्हीसमोर चाचा गिऱ्हाइकांना दटावायचे, "चेंडूकडे काय बघताय? पायाकडे बघा!" तौकीर हे सर्वांना हसत सांगायचा आणि मी फुशारून जायचो.

मग तो सामना आला. तौकीरने एका सट्टेवाल्याला नो-बॉलचा शब्द दिला होता. रेषेजवळ त्याने पाऊल मुद्दाम लांबवले आणि मी वीतभर पुढे पडलो. मला थांबता आले नाही. पंचांनी हात आडवा केला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बोभाटा झाला. "खिळे सैल होते, पाय घसरला," असे तौकीरने चौकशीत सांगितले. कोणी विश्वास ठेवला नाही. त्याच्यावर बंदी आली. तरी तो मला घेऊन चाचांकडे गेला आणि तेच बोलला. चाचांनी मात्र विश्वास ठेवला.

"माझाच हात चुकला, पुत्तर. माझ्यापायी तू बदनाम झालास."

तौकीर मला तिथेच ठेवून खाली मान घालून निघून गेला. शेजारचा चहावाला म्हणायचा, "चाचा, देशाचं नाक कापायला कुठली रापी वापरलीत?" थोड्याच दिवसांत चाचांनी दुकान बंद केले. मी त्यांच्या खाटेखाली पडून होतो. माझे सारे खिळे पक्के होते, पण सांगणार कसे?

चार वर्षांनी एका शुक्रवारी, नमाजानंतर तौकीर आला.

"चाचा, बूट चांगला होता. मीच मुद्दाम पाय पुढे टाकला."

"चार वर्षं मी माझ्या हातांना शिव्या घातल्या रे," चाचा म्हणाले. मग पुन्हा बूट शिवून बघायला त्यांनी चामडे टोचायची आरी आणि सुई-दोरा मागितला. पण बोटे आता वळेनात, आणि दोरा सुईत काही जाईना. तौकीर रडत दोरा ओवू लागला, तेव्हा चाचांनी सुई काढून घेतली.

"राहू दे. आता कुणासाठी शिवू?"

मित्रांनो, बुटांना पॉलिश नाही केलेत तरी चालेल. पण तुमची चूक कबूल करायला चार वर्षे लावू नका.