ब्रिटनीचे आठ अर्ज

ब्रिटनीने सातिवलीतील सात कारखान्यांत नोकरीसाठी अर्ज केले; सातही उत्तरे तिच्या वडिलांना आली, त्यांपैकी दोन पांढऱ्या फुलांसह.

एका पत्रात लिहिले होते, ‘आपली भेट अशा प्रसंगी व्हायला नको होती.’ मुलाखतीला कोणीही बोलावले नव्हते.

मी ब्रिटनीला रसायनशास्त्र शिकवले. तिचा बायोडेटा माझ्या देखरेखीखाली तयार झाला होता. दोष त्यात असेल, तर तो माझा होता. म्हणून मी दर वेळी एकच घटक बदलला. चौथ्या अर्जातून छंद काढले, पाचव्यात प्रयोगशाळेतील अनुभव वर घेतला, सहाव्यात फोटो मोठा केला. सहाव्यापासून फुले येऊ लागली.

‘कुणाची तरी नजर लागलीये, सर,’ तिची मावशी क्लेमेंटीन म्हणाली.

‘नजर टपालाने जात नाही.’

‘टपालानं कुठं? बेसिल स्वतः नेऊन देतो ना!’

बेसिल म्हणजे ब्रिटनीचे वडील. अर्ज तो स्वतः नेऊन देतो, ही बाब माझ्या नोंदींत नव्हती.

आठवा अर्ज रंगाच्या कारखान्यातील प्रयोगशाळेसाठी होता. ब्रिटनीला हीच जागा मनापासून हवी होती आणि मुदत त्याच दिवशी संपत होती. मी बेसिलसोबत गेलो आणि चार पावले मागे थांबलो.

बेसिलने मान खाली घालून पारदर्शक फाइल पुढे केली. रखवालदाराने फोटो पाहिला, मग बेसिलकडे पाहिले आणि टोपी काढली.

‘मुलगी का, काका?’

‘हो. एकुलती एक.’

‘वय?’

‘बावीस.’

‘अरेरे!’

‘बीएस्सी झालेली,’ बेसिल म्हणाला.

‘अरेरेरे!’

व्यवस्थापक बाहेर आले आणि हात जोडून उभे राहिले. आतली यंत्रे बंद झाली.

‘मुलगी घरी आहे,’ मी पुढे होऊन म्हणालो. ‘जेवते आहे.’

व्यवस्थापकांनी फाइल उघडून शेवटपर्यंत वाचली. ‘सोमवारी मुलाखतीला पाठवा,’ ते म्हणाले. ‘पण एकटीला.’

कारण असे. फेब्रुवारीत बेसिलची आई वारली. घरच्या रिवाजाप्रमाणे वर्षभराच्या दुखवट्यासाठी त्याच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशावर काळी फीत शिवलेली होती. रोज पाहून आम्हाला ती दिसेनाशी झाली होती. फाटकावर मात्र लोकांना आधी फीत दिसे, मग तरुण मुलीचा फोटो. त्यानंतर फाइल कोणी उघडत नसे. फाटकावरच्या वहीत बेसिल स्वतःचे नाव आणि पत्ता लिहीत असे, म्हणून उत्तरे त्याला येत.