निर्लोभ महाराजांचा लाल डोळा

"सरका, सरका! म्हाताऱ्या माणसांना आदी जाऊ द्या!"

कुंभारीच्या कामगार वसाहतीमागं रविवारी सकाळी नऊलाच तीनशे माणूस जमलं होतं. मंडपात मंचावरच्या चौरंगावर हातभर उंचीचा पितळी मुखवटा. त्याला डोळा एकच, तोही कपाळावर. त्या डोळ्यात अंगठा ठेवला की आतून लाल उजेड पेटायचा, आणि क्षणभरानं मुखवट्याच्या पोटातून बारीक आवाज यायचा, "टीं!"

"ओढलं!" निर्लोभ महाराज दोन्ही हात वर करायचे. "तुझं दुखणं देवानं ओढून घेतलं!"

म्हातारी माणसं डोळे पुसत खाली उतरायची. गर्दी जयजयकार करायची.

मी दिपाली, इथली आशा सेविका. मंडपात मी भक्तीनं गेले नव्हते, कस्तुरामावशींनी ब्लडप्रेशरच्या गोळ्या बंद केल्या म्हणून गेले होते. चाळीस वर्षं विड्या वळून मावशींचे गुडघे कामातून गेले होते.

"आता गोळी कशाला?" त्या म्हणाल्या. "दोन रविवार झाले, देव ओढतोय की दुखणं. आजचा तिसरा."

"आणि महाराज घेतात किती?"

"एक रुपाया न्हाय! दानपेटीसुदिक ठिवली न्हाय. म्या नारळ न्हेला तर परत दिला. लई मोठा मानूस हाय त्यो."

मला नेमकं तेच खुपलं. मंडप, जनरेटर, एवढ्या लोकांना साजूक तुपातला शिरा. हा खर्च करतं कोण?

म्हटलं, आपणच बघू. रांगेत उभी राहिले आणि कंबर दुखते म्हणून सांगितलं. महाराजांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "देव फक्त साठीच्या पुढच्यांचं ओढतो, ताई." कंबर तरुणपणीही दुखते हे देवाला ठाऊक नसावं.

मंडपाच्या तोंडाशी टेबल मांडून महाराजांचा टकला, चष्मेवाला शिष्य बसला होता. येणाऱ्या प्रत्येकाकडून तो आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायचा आणि वर विचारायचा, "खातं कुठल्या बँकेत?"

"देवाला बँक कशाला लागते हो?" मी विचारलं.

"गर्दीचं नियोजन आहे, ताई. पुढं सरका." रांग भरली की झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन तो चौरंगामागच्या पडद्याआड जायचा.

काही जणांना महाराज परत पाठवत होते. "तुझं दुखणं अजून पिकलं नाही. पाच तारखेनंतर ये." आमच्याकडं म्हातारपणाचा सरकारी पगार पाच तारखेच्या आसपासच जमा होतो. दुखणं पिकायला पगाराची वाट का बघतं? पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

त्या दिवशी मावशींच्या पाठोपाठ मायाप्पाआबांनीही अंगठा ठेवला. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. परतताना मी त्यांचा हात धरून चालत होते. वसाहतीच्या कोपऱ्यावर ते थांबले.

"पोरी, एक सांग. देवाची काच आन पगाराच्या मशीनची काच एकाच कारखान्यात हुतीय का?"

"म्हणजे?"

"दर म्हैन्याला त्यो बँकंचा पोरगा मशीन घिऊन येतो, म्या बोट टेकतो. बारकी काच, कडंला रबराची पट्टी, आन ती टीं. आज त्येच समदं बोटाला लागलं. तुमाला देवाचा डोळा दिसला, मला निसती काच लागली."

धूप, पितळ, तो लाल उजेड, सगळं मी तासभर निरखून पाहिलं होतं, पण हे मला दिसलं नव्हतं.

सोमवारी दोघांना घेऊन बँकेत गेले. आबांचं पासबुक छापून आलं. मेंढरं विकून ठेवलेल्या पैशातले दहा हजार रविवारच्या तारखेला आधार आणि अंगठ्यावर काढलेले. मावशींच्या पासबुकात तसे तीन रविवार. विड्यांच्या कामाचा मिळालेला निम्मा फंड गेलेला.

बँकेतल्या बाईंनी समजावलं, "आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर पैसे निघतात. खात्याला फोन जोडलेला नसला तर मेसेजही जात नाही."

मावशींनी पासबुक पिशवीत घातलं. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकाला सांगू नगस. म्हनंल, म्हातारीला कळत न्हाय, पासबुक दे माझ्याकडं."

दोघांचे तक्रार अर्ज तिथंच लिहिले. मग आबांचा बटणांचा फोन खात्याला जोडून घेतला आणि पोलीस ठाण्यात गेले. हवालदार सोमलिंग यांनी पासबुकं दोनदा वाचली. "मशीन जागेवर सापडलं पाहिजे. रविवारी मी साध्या कपड्यात येतो."

"आबा, पुन्हा पैसे जातील," मी म्हणाले.

"आनिक धा गेलं तरी चालंल. पन समद्यांसमोर जाऊ दे."

रविवारी महाराज रंगात आले होते. "भक्तांनो, पैसा म्हणजे मळ! या मळाला मी हातही लावत नाही!" त्यात खोटं काही नव्हतं. हात लावायची त्यांना गरजच पडत नव्हती.

आबा चौरंगापाशी गेले. अंगठा टेकला. लाल उजेड. "टीं!"

"ओढलं!" महाराज गरजले.

तेवढ्यात माझ्या हातातला आबांचा फोन वाजला. मी माईक ओढून घेतला. "थांबा! काय ओढलं ते वाचून दाखवते. मायाप्पाआबांच्या खात्यातून आत्ता, याच मिनिटाला, दहा हजार रुपये काढले गेलेत!"

पडद्यामागून चष्मेवाला शिष्य पळाला आणि थेट सोमलिंग हवालदारांच्या हातात सापडला. महाराज "माया आहे, माया!" म्हणत राहिले. कस्तुरामावशी दुखऱ्या गुडघ्यांनी मंचावर चढल्या आणि त्यांनी तो मुखवटा उचलून उलटा केला.

आत अंगठ्याचं मशीन चिकटवलेलं होतं. बोट टेकलं की काच लाल पेटतेच. वायर पडद्यामागं शिष्याच्या फोनला गेलेली. झेरॉक्सवरून तो आधार नंबर टाकायचा, बँक निवडायचा. पैसे निघाले की फोन "टीं" वाजायचा आणि मुखवट्याखालचा छोटा स्पीकर तो आवाज बाहेर सोडायचा. खात्यात पैसे नसले की दुखणं पिकलेलं नसायचं. आणि तरुणांच्या खात्याला फोन जोडलेला असतो, लगेच मेसेज जातो, म्हणून देवाला साठीच्या पुढचेच लागायचे.

"पन माजं गुडघं खरंच हलकं वाटत हुतं!" एक आजोबा कळवळून म्हणाले.

"वाटणारच, आजोबा," मी म्हणाले. "दोन तास सावलीत बसलात, चार माणसांशी बोललात, गरम शिरा खाल्लात. पण त्यानं आजार जात नाही. मावशींचं ब्लडप्रेशर परवा एकशे नव्वद होतं."

पुढं गुन्हा नोंदला गेला. लगेच तक्रार दिली म्हणून आबांचे पैसे बँकेनं परत केले. मावशींचा शेवटच्या रविवारचाच हप्ता आला, आधीच्या दोन हप्त्यांची चौकशी चालू आहे, ते मिळतील की नाही कुणी सांगत नाही. मावशींनी गोळ्या सुरू केल्या आणि लेकाला स्वतःच सगळं सांगितलं. त्यानं खरोखरच पासबुक मागितलं. "न्हाय," त्या म्हणाल्या. "पासबुक माझ्याकडंच ऱ्हाईल. तू खात्याला माझा फोन तेवढा जोडून दे."

नंतरच्या आठवड्यात मी समाजमंदिरात वसाहतीतल्या म्हाताऱ्या माणसांची बैठक घेतली. बँकेच्या पोरानं त्याचं मशीन आणलं होतं. एकेकानं बोट टेकून तो लाल उजेड पाहिला. काही हसले, काही जण खाली मान घालून बसले. मावशी उठून उभ्या राहिल्या.

"मान खाली घालू नगा. आपन चोरी केली न्हाय, आपली झाली. पन हितनं फुडं येक करा. कुनीबी अंगठा मागितला, देवाच्या नावानं मागू दे न्हायतर सरकारच्या, त्याला इचारा, कशाला पायजे? आत काय हाय, उघडून दाव म्हना. दावत नसंल, तर हात मागं घ्या आन सरळ घरला या."