सुनेचा खरा रंग

फोटोवाल्याला सगळे रंगराव म्हणत, कारण चहा समोर आला तरी ते आधी त्याच्या रंगावर बोलायचे. एके दिवशी एका नवरदेवाच्या आईनं लग्नाचा अल्बम काउंटरवर आपटला.

"तुमच्या स्क्रीनवर आमची सून उजळ होती. कागदावर सावळी कशी झाली?"

रंगरावांनी खापर मॉनिटरवर फोडलं. स्क्रीनचे रंग मोजून जागेवर आणणारं यंत्र घ्यायचं ठरलं, आणि गडी हट्टालाच पेटला. मुलीला स्थळं बघावीत तशी यंत्रं बघणं सुरू झालं. एक स्वस्त, पण जुन्या मॉनिटरशी पटत नाही. दुसरं नुसती स्क्रीन मोजतं, तिसरं कागदसुद्धा. कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या मेहुण्याला इतके फोन केले, की त्यानं फोन उचलणंच सोडलं.

"अहो, आधी ब्राइटनेस तरी कमी करून बघा!" काउंटर सांभाळणारी बायको म्हणाली.

"तुला यातलं कळत नाही."

शेवटी कागदही मोजणारं यंत्र आलं. गोचिडासारखं ते स्क्रीनला चिकटलं, रंगांचे चौकोन झरझर सरकले आणि झगझगीत स्क्रीन एकदम मवाळ झाली. नवा प्रिंट शेजारी धरला. तंतोतंत! रंगरावांना आभाळ ठेंगणं झालं.

सासू-सून दोघी आल्या. सासूबाईंनी स्क्रीन पाहिली, प्रिंट पाहिला.

"आधी एकीकडेच सावळी होती, आता दोन्हीकडे केलीत!"

"ताई, हाच खरा रंग. यंत्रानं मोजलाय."

"खरा रंग घरी रोज बघतेच की! आणि माझ्या तोंडाला हे राखेसारखं काय फासलंय?"

"ती तुमचीच पावडर," बायको म्हणाली.

रंगाशी बेइमानी नाही, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवणारा हा माणूस. पण 'दुसरीकडे करून घेऊ' हे सासूबाईंचे शब्द कानी पडताच हात माउसवर गेला. सून उजळली, सासू उजळली, मागे उभा नवरदेवही उगाचच गोरा झाला. प्रिंट निघाला, अगदी स्क्रीनबरहुकूम.

"आता कसं!" म्हणत सासूबाई बाहेर पडल्या.

सून मागे रेंगाळली. नापास ठरलेल्या सावळ्या प्रिंटांचा काउंटरवरचा गठ्ठा तिनं उचलला.

"हे मला द्याल?"

"कशाला?" रंगराव ओशाळून म्हणाले.

"माहेरी पाठवीन. तिथं मला ओळखतात."

बायकोनं गठ्ठ्याला रबर लावलं, सुनेला दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.